परीक्षेची बाटली

एक

मास्तर गेले तेव्हा त्यांचं रक्त अजून यंत्राच्या नळीतून फिरत होतं. आधी हुडहुडी भरली. नर्सनं एकावर एक दोन ब्लँकेटं टाकली तरी दात वाजायचे थांबेनात. मग एकाएकी थांबले, आणि ते थांबणं जास्त वाईट होतं.

त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच डायलिसिस सेंटरात चार नंबरच्या खुर्चीतली मावशी अशीच गेली होती. कपडे शिवायची, बोलायला तिखट, हृदय मात्र पहिल्यापासून अशक्त. म्हणून हृदयाच्या माथी खापर फोडून सगळे मोकळे झाले. मास्तरांचं हृदय ठणठणीत होतं. आता खापर फोडायला माथंच शिल्लक राहिलं नव्हतं.

धाकटीला हे सगळं दादानं फोनवर सांगितलं. "तू ये," एवढंच वर म्हणाला, "बघ जरा काय ते." दादा कधी कुणाला 'ये' म्हणणारा माणूस नव्हता. ती पहिल्या गाडीनं निघाली. हॉस्पिटलांत नको तसे झालेले मृत्यू तपासणं हेच तिचं सरकारी काम होतं. खात्यात तिला मागून 'मांजर' म्हणत, कारण ती पाय न वाजवता खोलीत येई आणि उत्तर मिळेपर्यंत दबा धरून बसे. दादासाठी मात्र पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच होती.

दादा बाहेरच्या बाकावर बसला होता. चपलांचे पट्टे सोडून ठेवलेले, पाय फुगून गुळगुळीत झालेले. मास्तर गेले त्या दिवशी त्यालाही शेजारच्या खुर्चीत थंडी भरली होती, पण तो निभावला. त्यानंतर सेंटर बंद होतं, आणि अंगातलं पाणी आता छातीपर्यंत चढत आलं होतं. एक वाक्य बोलायला त्याला दोन श्वास लागत होते. त्याच्या आजूबाजूला आणखी दहाएक पेशंट तसेच बसले होते, कुणी कुणाकडे न बघता. कोपऱ्यात मास्तरांची बायको होती. नवरा गेला तरी ती आज सकाळी नेहमीच्या वेळेला इथेच आली होती, कारण दुसरं कुठे जायचं हे तिला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी धाकटीला आत नेऊन दार लावलं. मोठा देह, चुरगळलेला सदरा, डोळे झोप नसल्यासारखे. "मास्तरांच्या रक्तात जो जंतू निघाला तो पाइपात राहणारा आहे," ते म्हणाले. "म्हणजे पाणी. पण पाणी आम्ही रोज सकाळी तपासतो, आणि पाणी स्वच्छ आहे. परवाही होतं, आजही आहे. रक्तात जंतू आणि पाण्यात नाही, हे गौडबंगाल मला काही उलगडत नाही."

"बाहेरून तपासून घ्या."

"दिलंय. अहवाल परवा. परवापर्यंत बाहेर बसलेल्यांतले किती उरतील, तुम्हीच मोजा. मोठ्या हॉस्पिटलात राखीव खुर्च्या आहेत, पण नुसत्या संशयावर ते उघडत नाहीत."

ते खरं होतं. पुरावा असेल तर धाकटीच्या एका सहीनं त्या खुर्च्या उघडाव्या लागल्या असत्या. पुराव्याशिवाय तिच्या सहीला शाईइतकीच किंमत होती.

"चार वाजता मी सेंटर सुरू करणार," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या आत पाण्यात खोट दाखवा, मी कुलूप लावतो. नाही दाखवलीत तर मला ह्यांना बसवावंच लागेल. आणि पहिल्या खुर्चीत तुमचे दादाच आहेत."

दोन

तपासणीची खोली हॉलच्या टोकाला होती, मधे काचेची भिंत. तिथल्या मुलीला पेशंट 'चिपवाली' म्हणत. बारीक अंगाची, जाड चष्म्याची, आणि रडून रडून नाक लाल झालेलं.

"मी काही केलं नाही, मॅडम," ती आधीच म्हणाली.

"केलंस असं कोण म्हणालं? मला आधी टेबलावरचा हा डबा काय करतो ते सांग. मी अडाणी आहे असं समज."

चिपवालीनं डोळे पुसले. कामाबद्दल बोलायला लागली तशी ती सावरली. चिप म्हणजे नखाएवढी काचेची चकती, तिच्यावर सोन्याचा पातळ थर. "चेन असते ना मॅडम, बॅगेची? तिची एक बाजू सोन्यावर चिकटवलेली आहे, अशा लाखो. दुसरी बाजू त्या जंतूच्या डीएनएत. पाणी आधी तापवून जंतू फोडायचे, त्यांच्या डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या करायच्या आणि ते पाणी हळूहळू चकतीवरून सोडायचं. जंतू असला तर त्याची पट्टी आपल्या जोडीदाराला पकडते. दात जुळले तरच. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही."

"आणि पकडलेलं तुला दिसतं कसं?"

"खालून सोन्यावर प्रकाश सोडलेला असतो. वर काही येऊन बसलं की परतणारा प्रकाश जरासा सरकतो. पडद्यावर रेषा चढते." तिनं पडदा दाखवला. आजची रेषा शेवटपर्यंत आडवी होती. "सपाट म्हणजे स्वच्छ."

"आणि चकतीच मेलेली असली तर? मेलेल्याची रेषाही सपाटच असणार."

चिपवालीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कौतुक उमटलं. "म्हणून तर आधी परीक्षा असते. बाटलीत त्याच जंतूच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. कारखान्यात बनवलेल्या, निरुपद्रवी. रोज पहिल्यांदा ती बाटली. रेषा चढली म्हणजे चकती जागी आहे. मग सोड्याच्या पाण्यानं त्या पट्ट्या उपटून काढायच्या आणि टाकीचं पाणी सोडायचं. परीक्षेत नापास झाली तर यंत्र आपणहून कुलूप लावतं. त्या दिवशी डायलिसिस नाही. हॉलमधले सगळे काचेतून बघत असतात, मॅडम. रेषा चढली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो."

"नापास झाली होती कधी?"

मुलगी घुटमळली. "नापास नाही. काठावर. दर धुण्याला थोड्या पट्ट्या सोन्यावरून सुटतातच. गेल्या महिन्यात रेषा रोज थोडी कमी चढायला लागली. नवी चकती मागवली, ती वाटेतच अडकली. माझी तर पाचावर धारण बसली होती. मग एका सकाळी एकदम छान चढली. तेव्हापासून रोज चढते."

"आपोआप?"

"यंत्रं असतात अशी. कधीकधी सुधारतात."

 धाकटीनं आयुष्यात आपोआप सुधारलेलं काही पाहिलं नव्हतं, यंत्रही नाही आणि माणूसही नाही. तिनं पडद्याकडे बोट केलं. "इथे खाली दुसऱ्या रेषेचं नाव आहे. रेषा कुठाय?"

"ती बंद आहे. चकतीवर दोन रस्ते असतात. एकात पट्ट्या, दुसऱ्यात नुसतं सोनं. पाणी दोन्हीतून जातं. पाणीच जरा गरम किंवा दाट असेल तर दोन्ही रेषा सारख्या हलतात, आणि तेवढं वजा करतात. पण त्या बाजूचा प्रकाश परतवणाऱ्या आरशावर डाग पडलाय, रेषा वेडीवाकडी यायची, म्हणून बंद ठेवली."

धाकटीनं मान डोलावली आणि खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. खोली इतकी स्वच्छ होती की जमिनीवर तोंड दिसावं. बाहेरचे जोडे नाहीत, खाणं नाही, चहा नाही. तरीही भिंतीच्या कडेनं एक काळी बारीक ओळ चालत येत होती. यंत्रातून वापरून झालेलं पाणी जिथे पडतं त्या बाटलीच्या गळ्यावर ती जाऊन थांबत होती.

मुंग्या होत्या. जंतू आणि सोडा यांच्या पाण्यावर मुंग्या कधी जात नाहीत.

तीन

पाण्याची टाकी आणि गाळणं सांभाळणारा टाकीवाला गच्चीवर होता. त्याच्या हातात पाना होता आणि तोंडात तक्रार.

"बाई, हे गाळणं म्हातारं झालंय हे मी कितीदा सांगायचं?" तो म्हणाला. "डॉक्टरांनाही ठाऊक आहे, नवं मागवलंय त्यांनी. मी तर म्हणत होतो, ते येईपर्यंत सगळे पाइप औषधानं धुऊन घेऊ. डॉक्टर म्हणाले, खालचं यंत्र आहे ना पहारा द्यायला, त्यानं बोंब मारली की धुऊ. आता पहारेकरीच म्हणतो सगळं ठीक, तर मी कोण बोलणारा?"

"खालच्या खोलीत तू जातोस?"

"मला कोण जाऊ देतंय? माझे बूट बघा. ती पोरगी मला काचेवरूनच हाकलते."

"आणि डॉक्टर?"

"ते तर महिनाभर इथे नव्हतेच. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, मावशी गेल्यावर धावत आले."

धाकटी जिन्यानं खाली आली. पायऱ्यांवर पाइपांची घरघर ऐकू येत होती. ते पाणी थोड्या वेळानं एका पातळ पडद्यापलीकडून दादाच्या रक्ताला भिडणार होतं. सत्तरीला आलेला माणूस, ज्यानं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून तिला शिकवलं, ज्याच्या खांद्यावर बसून तिनं जग पाहिलं.  मग तिनं स्वतःला दटावलं आणि परत त्या खोलीत गेली.

"परीक्षेच्या जुन्या रेषा दाखव," ती म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वीची कुठलीही."

चिपवालीनं काढून दिली. बाटलीचं पाणी आलं तशी रेषा दमलेल्या माणसानं चढ चढावा तशी हळूहळू वर गेली, वर जाऊन टेकली, साधं पाणी सोडल्यावरही तिथेच राहिली. सोडा आला तेव्हा कुठे खाली आली.

"आता कालची."

कालची रेषा सरळ उभी वर गेली होती. वर सपाट. आणि साधं पाणी येताच तशीच सरळ खाली कोसळली होती. सोड्याची वाटही पाहिली नव्हती.

"यंत्र फक्त चढली की नाही एवढंच बघतं," चिपवाली कुजबुजली. ती पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. "मीही तेवढंच बघायचे. चढली की हुश्श करायचे."

"जिचे दात जुळले ती पट्टी साध्या पाण्यानं सुटेल का?"

"नाही. कधीच नाही."

"मग काल त्या सोन्याला कुणी पकडलंच नव्हतं," धाकटी म्हणाली. "नुसतं काहीतरी वरून वाहून गेलं."

चार

फ्रीजच्या तळाशी कारखान्यातून आलेली, सील न फोडलेली एक कुपी होती. धाकटीनं ती चिपवालीला आपल्या समोर फोडायला लावली, समोरच पातळ करायला लावली. डॉक्टरही येऊन उभे राहिले. काचेपलीकडे पेशंटांची तोंडं एकेक करून इकडे वळली.

नवी, अस्सल परीक्षेची बाटली यंत्रात गेली.

रेषा हलली नाही.

चिपवालीनं खुर्चीची पाठ धरली. तिला खोटं बोलता येत असतं तरी चेहऱ्याचा असा रंग उडवता आला नसता, हे धाकटीनं तिथल्या तिथे मनात नोंदवलं.

"चकती मेली आहे," डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "केव्हापासून?"

"सुधारली त्या दिवसापासून. आता चहाच्या खोलीतून साखर मागवा."

साखर आली. धाकटीनं ती स्वच्छ पाण्यात विरघळवली आणि चिपवालीला म्हणाली, सोड. रेषा लिफ्टसारखी सरळ वर गेली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: चकती जागी आहे. मग साधं पाणी गेलं आणि रेषा धाडकन खाली आली. कालच्या रेषेची हुबेहूब जुळी.

"गोड पाण्यातून प्रकाश जास्त वाकतो," धाकटी म्हणाली. "सोन्यावर काही बसायलाच नको. दुसरी रेषा चालू असती तर तीही तेवढीच चढली असती, वजाबाकीत शून्य उरलं असतं आणि चोरी उघडी पडली असती. म्हणून आधी ती बंद पडली. दोन-तीन आठवडे तुमचा पहारेकरी आंधळा आहे, डॉक्टर. पाणी स्वच्छ होतं असं नाही. पाणी कुणी पाहिलंच नाही."

तिनं तिथेच उभ्या उभ्या मोठ्या हॉस्पिटलाला फोन लावला. आता तिच्या सहीला किंमत होती. पलीकडच्या माणसानं दोनदा 'बघतो' म्हटलं, तिनं दोनदा तेच वाक्य जसंच्या तसं परत ऐकवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, गाडी पाठवतो, सगळ्यांना घेतो.

दादा वाचला होता. 

डॉक्टर मात्र चिपवालीकडे वळले होते. "दोन माणसं मारलीस तू," ते म्हणाले. "चकती संपली हे सांगायची लाज वाटली, म्हणून साखर घातलीस. पोलिसांना मीच बोलावतो."



पाच

इथे धाकटी गप्प राहिली असती तर गोष्ट संपली असती. प्रकरण मिटवायला हाताशी एक मुलगी होती, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला जगात कधीच कुणाची ना नसते.

"हिनं नाही केलं," ती म्हणाली. "हिला फसवायचंच असतं तर जुन्या रेषा पुसल्या असत्या. मी मागितल्या, हिनं एका दमात काढून दिल्या. आणि सील फोडताना हिचे हात थरथरले असते."

"मग टाकीवाल्यानं?"

"त्याला इथे पाऊल टाकता येत नाही. तुम्ही गावात नव्हता. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. गाळणं म्हातारं झालंय हे तुम्हाला दोघांना ठाऊक होतं. तुम्ही दोघंही वाट बघत होता, यंत्र कधी बोंब मारतंय याची. ज्याला पाण्याची भीती आहे तो पहारेकऱ्याचे डोळे बांधत नाही. हे ज्यानं केलं त्याचा पाण्यावर पूर्ण विश्वास होता. त्याच्या मते बिघडलं होतं ते फक्त यंत्र, आणि उगाच सेंटर बंद पडणार होतं."

 बोलता बोलता ती स्वतःच्याच मागे चालली होती, आणि वाट कुठे जाते आहे हे तिला दिसायला लागलं होतं.

तिनं आवाज मऊ केला. "बाळा, सकाळी बाटली फ्रीजमधून काढतेस ती लगेच वापरतेस?"

"नाही. गार चालत नाही. टेबलावर ठेवते आणि तोवर टाकीचं पाणी आणायला गच्चीवर जाते."

"खोली उघडी टाकून?"

"उघडी कशी टाकीन, मॅडम? कुणीतरी बसलेलं असतं ना."

"आणि आरशावर डाग आहे, असं तुला कुणी सांगितलं?"

 चिपवालीचा हात नकळत स्वतःच्या चष्म्याकडे गेला. त्याची दांडी अलीकडेच कुणीतरी फार सफाईनं दुरुस्त केली होती.

"काका म्हणाले," ती म्हणाली. "पहिल्या खुर्चीवाले. ते सगळ्यांत आधी येतात. बाहेर बाक कडक लागतो म्हणून मी त्यांना इथे बसवते. त्यांना भिंगांतलं सगळं कळतं. त्यांनी आरसा पुसायचा प्रयत्न केला, मग म्हणाले, ही बाजू बंदच ठेव, पोरी." ती थांबली. "ते तुमचे..."

"हो," धाकटी म्हणाली.

सहा

दादानं तिला येताना पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. त्याच्या बॅगेचं तोंड उघडं होतं. डायलिसिसमध्ये साखर एकदम उतरली तर घ्यायला तो ग्लुकोजचा डबा बाळगायचा. डबा वरच होता. लपवायचा त्यानं काही प्रयत्न केला नव्हता.

"सापडलं?" त्यानं विचारलं.

"सापडलं."

"वाटलंच होतं. लहानपणीही लपाछपीत मी तुला कधी जिंकलो नाही."

"दादा, का रे?"

त्यानं दोन श्वास घेतले. "रेषा रोज खाली येत होती. सगळे काचेला नाक लावून बसायचे. मावशी तर डोळे मिटून घ्यायची. मी म्हटलं, पाण्याला काय झालंय? इतकी वर्षं हेच पाणी अंगातून गेलं. चकती म्हातारी झाली, आमच्यासारखी, आणि तिच्यापायी यंत्र कुलूप लावणार, आणि आम्ही घरी बसून फुगून मरणार. त्या बाटलीत एकदाच ग्लुकोज ढवळलं, रोज तीच बाटली निघायची, नवी चकती येईपर्यंत. पहिल्या दिवशी रेषा चढली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, धाकटे."

"मावशी गेली तेव्हा?"

"हृदय म्हणाले. मीही हृदयच म्हटलं. म्हणायचंच होतं मला."

"आणि मास्तर?"

दादाचा चेहरा आक्रसला. "त्यांचे दात वाजत होते ना, तेव्हाच कळलं. त्याच दिवशी तुला फोन केला."

"मला कशाला? डॉक्टरांना सांगायचंस. एक वाक्य होतं."

"तोंडातून निघेना," दादा म्हणाला. "म्हटलं, तुझ्या तोंडून निघेल."

धाकटीला त्याचा भयंकर राग आला आणि त्या रागातही त्याच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवावासा वाटला. ती ना ओरडली, ना तिनं हात ठेवला. "माझ्या तोंडून निघणारच आहे," ती म्हणाली. "आत एका मुलीवर खुनाचं बालंट येतंय. पोलिसांना मी फोन करतेय. पण ह्या लोकांना मी नाही सांगणार. ते तू सांग. गाडी यायच्या आत."

दादा उठला. भिंतीला धरून उठला, आणि पेशंटांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्यानं काही सजवलं नाही. चकती, साखर, बंद केलेली रेषा, मावशी, मास्तर, सगळं क्रमानं सांगितलं. मधे मधे श्वासासाठी थांबत राहिला.

शेवटी पाच नंबरचा रिक्षावाला म्हणाला, "मला विचारलं असतंत तर साखर मीच आणून दिली असती, काका." त्यानं मान खाली घातली. दोन-तीन जणांनी मान हलवली. एक जण उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दादाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते पाहून धाकटीला भीती वाटली.

कोपऱ्यातून मास्तरीणबाई उठून पुढे आल्या. आवाज अगदी शांत होता. "भाऊ, एक विचारू? ह्यांना आधी ठाऊक असतं, की पाणी तपासलेलं नाही, तरी ते त्या खुर्चीत बसले असते का हो?"

"बसले असते, वहिनी," दादा घाईनं म्हणाला. "दुसरा इलाजच नव्हता. आम्ही सगळेच बसलो असतो."

"बसले असतील," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण मग त्या दिवशी घरून निघताना माझ्याशी दोन शब्द बोलून निघाले असते."

  दादाच्या तोंडावरचं ते सुटलेपण कुठल्या कुठे गेलं, आणि तो जिथे उभा होता तिथेच खाली बसला.

बाहेर गाडी लागली. नर्सनं एकेकाचा हात धरून सगळ्यांना चढवलं. दादाला धाकटीनं उठवलं. तो सगळ्यांच्या शेवटी चढला, आणि गाडीत जागा असूनही मोठ्या हॉस्पिटलापर्यंत उभा राहिला.